पाचवा टोला

ही गोष्ट खरी आहे.

इथे लिहिणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, ठाऊक आहे मला. वर्षभर भुताच्या गोष्टींच्या या पेजवर मीही नुसता वाचायचो आणि मनातल्या मनात हसायचो. मोटार रिवाइंडिंग हा माझा धंदा. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची. जे मीटरवर दिसतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस.

तेव्हा आधीच सांगतो. मध्यरात्र नव्हती. अमावस्या नव्हती. कुत्रीही रडत नव्हती.

रविवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन.

त्या वेळी मी एक व्हॉल्व्ह उघडला…

तो का उघडला, एवढंच मला सांगायचंय.

आमचं घर वस्तीपासून लांब, चढावर आहे. लाइनची वीज आमच्याकडे मर्जी झाली तर येते आणि न सांगता जाते. कधी कधी तीन-तीन दिवस तोंड दाखवत नाही. पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. मेणबत्ती लावायची, लवकर झोपायचं.

पण दोन वर्षांपूर्वी आईच्या फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी लावायला सांगितलं. चौकोनी, खाली चाकं असलेलं, दिवसरात्र घरघरणारं. "माझ्यापेक्षा हेच जास्त घोरतं," आई म्हणायची. त्या मशीनला वीज लागते. सतत. वीज गेली की ते बॅटरीवर चालतं आणि बॅटरी उतरली की…

पुढचं आम्ही घरात कधी बोलत नसू.

उपाय काढला तो इंचीनं. इंची म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. प्लंबर. जगातलं सगळं तो इंचात मोजायचा, म्हणून हे नाव. ताटात वाढायला गेलं की म्हणायचा, "बास ताई, अर्धाच इंच जागा उरलीय." लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "मापात बसणारी मिळत नाही हो." राहायचा आमच्याकडेच.

घराच्या वर, डोंगरात, एक ओढा आहे. बारा महिने वाहतो. इंची एक दिवस तिथून चिखलानं माखून खाली आला आणि म्हणाला, "भाऊजी, वर पाणी फुकट उड्या मारतंय. तुम्ही मोटारवाले, मी पाइपवाला. आणखी काय पाहिजे?"

आम्हाला पाच महिने लागले.

वर ओढ्यावर छोटा बांध घातला. बांधाला जाळी, म्हणजे पालापाचोळा अडेल. जाळीतून पाणी एका सिमेंटच्या टाकीत येतं, तिथे गाळ खाली बसतो. टाकीच्या तळाशी पाइपचं तोंड. तिथून चार इंची लोखंडी पाइप थेट खाली, आमच्या घराच्या बाजूनं आणखी खाली, पत्र्याच्या शेडपर्यंत. शेडमध्ये व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या पुढे वाट्या लावलेलं लोखंडी चाक. पाणी जोरात वाट्यांवर आदळतं, चाक फिरतं, चाकाला जोडलेली मोटार फिरते. मोटार बाहेरून फिरवली आणि तिला योग्य कपॅसिटर लावले की तीच वीज तयार करते. हा माझ्या हातचा मळ.

जास्तीची वीज पाण्याच्या पिंपातल्या, पाणी तापवायच्या कॉइलकडे वळवली होती, नाहीतर चाक बेफाम सुटतं. त्यामुळे घरात कधीही गरम पाणी. आई तर राणीसारखी आंघोळ करायला लागली.

पाइप आम्ही भंगारातून घेतला होता. कुठला, कुणाचा, विचारलं नाही.

एक अडचण होती. त्या घळीत मोबाइलला रेंज नाही. वर टाकीपाशी एक माणूस आणि खाली शेडमध्ये दुसरा, तर बोलायचं कसं? मध्ये वीस मिनिटांची चढण. ओरडलं तर ओढ्याचा आवाज सगळं गिळून टाकतो.

युक्ती इंचीचीच. पाइप लोखंडाचा. वर स्पॅनरनं टोला दिला की खाली शेडमध्ये स्वच्छ ऐकू येतो.

मग आम्ही ठरवलं. एक टोला म्हणजे मी जागेवर आहे. दोन टोले, पाणी सोड. तीन टोले, बंद कर. ऐकणाऱ्यानं तेवढेच टोले परत द्यायचे, दहापर्यंत मोजायचं आणि मगच व्हॉल्व्हला हात लावायचा. दहा कशासाठी? वरच्या माणसाचा हात पाइपच्या तोंडात असेल तर काढायला वेळ मिळावा म्हणून. त्या तोंडाला पाण्याची ओढ फार असते.

वरचा स्पॅनर टाकीशेजारच्या झाडाला खिळ्यावर टांगलेला असायचा. खालचा शेडमध्ये.

पहिल्या दिवशी शेडमधला बल्ब पेटला तेव्हा इंचीनं मला उचलून गरगर फिरवलं. माझं वजन त्यानं त्यानंतर महिनाभर सगळ्यांना इंचात सांगितलं.

सुरुवात झाली ती बल्ब पेटल्यानंतर आठवड्याभरात.

दुपार होती. मी शेडमध्ये एकटाच बेअरिंगला ग्रीस भरत होतो. चाक बंद होतं.

पाइपवर टोला पडला.

ठण्ण…

एकच.

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. इंची वर गेला असेल, जाळी साफ करत असेल. सवयीनं स्पॅनर उचलला आणि एक टोला परत दिला. मीही जागेवर आहे बाबा.

काम आटोपून घरी आलो. पायरीवर इंची चहा पीत बसला होता. पायात चप्पल नाही, कपडे कोरडे.

"तू वरून कधी आलास रे?"

"मी गेलोच कुठे? ताईनं गहू निवडायला बसवलंय सकाळपासून."

मी हसलो. पाइप उन्हात तापला असेल. लोखंड तापलं की ताणतं, टकटक वाजतं. बुडबुडा अडकला तरी वाजतं. कारणं मला तोंडपाठ होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक टोला आला. तिसऱ्या दिवशीही.

रोज तीनच्या आसपास.

चौथ्या दिवशी मी इंचीला शेडमध्ये नेऊन बसवलं. आम्ही दोघं समोरासमोर, चाक बंद, वर कोणी नाही. बायको आईपाशी. घरात मोजून चार माणसं, म्हणजे हिशेब सरळ होता.

ठण्ण…

इंची खो खो हसला. "पाण्याबरोबर खडा गडगडला असेल भाऊजी. एवढं काय तोंड करून बसलात?"

त्यानं स्पॅनर उचलला आणि दोन टोले दिले.

वरून दोन आले.

"बघा. आवाज घुमून परत येतोय. एवढंच."

मला पटलं नव्हतं. मी त्याच्या हातातून स्पॅनर घेतला आणि चार टोले दिले. चार आमच्या खुणांमध्ये नव्हतेच. कधीच कोणी वाजवले नव्हते.

काही आलं नाही.

आम्ही थांबलो. इंची काहीतरी बोलायला गेला, मी हात वर केला. घुमून यायचा आवाज लगेच येतो. इथे कितीतरी वेळ गेला. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं, तेवढाच आवाज.

आणि मग…

एक.

दोन.

तीन.

चार.

सावकाश. आधी नीट मोजून घेतल्यासारखे.

इंचीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच वाळलं. आम्ही चढण चढायला लागलो. वीस मिनिटांची वाट बारा मिनिटांत काढली. टाकीपाशी कोणी नव्हतं. स्पॅनर खिळ्यावर होता. टाकीभोवती ओला चिखल होता आणि त्यात आमच्या दोघांच्या, आत्ताच उमटलेल्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं.

इंचीनं टाकीच्या तळाकडे, पाइपच्या काळ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "भाऊजी, खाली चला."

उतरताना त्यानं एकदाही इंच हा शब्द उच्चारला नाही.

मी दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेलो. पाइप कुठून आणला होतास, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तीन ठिकाणचे तुकडे होते. पाइपला काय आडनाव असतं का साहेब?" त्यातून काही हाती लागलं नाही.

पाइप काढून टाकावा असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण तेव्हा लाइनची वीज सहा दिवस गेलेली होती आणि आईच्या खोलीतलं मशीन आमच्या त्याच पाइपच्या जिवावर घरघरत होतं. मशीनचा आवाज थांबायला नको, एवढंच घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

मग इंचीनं तोड काढली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी, बायको आणि तो. इंची आवाज खाली आणून बोलत होता, म्हणून मीही. चार भिंतींच्या आत कुजबुजायची काय गरज होती, पण कुजबुजलो खरं.

"यापुढे दोन टोले आले तर पाणी सोडायचं नाही," तो म्हणाला. "एक नाही, दोन नाही, तीन नाही, चारही नाहीत. हे सगळं त्याला ठाऊक आहे. पाच. पाच आले तरच समजा, मी आहे."

"आणि एकदा आधी वाजवून बघूया का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. पाइपवर पाच वाजवायचेच नाहीत, खरी वेळ येईपर्यंत. कळलं? त्याला ऐकूच द्यायचं नाही."

"त्याला म्हणजे कोणाला रे?" बायकोनं विचारलं.

इंचीनं उठून मागचं दार लावून घेतलं.

त्यानंतर पाऊस लागला. सलग चार दिवस धो धो. पाचव्या दिवशी उघडला. तोच तो रविवार.

सकाळपासून व्होल्टेज पडत होतं. म्हणजे जाळी तुंबली, पाइपच्या तोंडातही पाला गेला. पावसात लाइनचे खांब कोसळले होते, ती वीज येण्याची आशा नव्हती. घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर आधीच्या आठवड्यात संपला होता, भरून सोमवारी येणार होता. बॅटरी म्हातारी झाली होती. आईचं मशीन तिच्यावर जेमतेम पाऊण तास चालायचं.

म्हणजे पाणी बंद करायचं, वर सफाई करायची आणि पाऊण तासात पुन्हा सोडायचं.

"अर्ध्या तासात उरकतो," इंची म्हणाला. आईच्या खोलीत डोकावून त्यानं विचारलं, "काय आई, किती इंच श्वास येतोय?"

"तुझ्यापेक्षा दोन इंच जास्त," आई म्हणाली. ती हसली आणि मग बोलल्यामुळे तिला धाप लागली.

तो वर गेला. मी शेडमध्ये. तो पोचेल इतका वेळ गेल्यावर एक टोला आला. मी एक परत दिला. मग तीन आले, बंद कर. मी तीन परत दिले, दहा मोजले, व्हॉल्व्ह बंद केला. चाक थांबलं. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

एक आणि तीन तरी त्याचेच होते ना? तो प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

पंधरा मिनिटं गेली. वीस गेली.

ठण्ण… ठण्ण.

दोन.

माझा हात व्हॉल्व्हच्या चाकाकडे गेला आणि मी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. दोन नाही. पाच.

थोड्या वेळानं पुन्हा दोन. या वेळी घाईघाईनं. सोड ना, सोड ना, असं म्हणत असल्यासारखे.

मी दोन्ही हात काखेत दाबून बसलो. घाम नुसता निथळत होता.

मागच्या दारातून बायकोचा आवाज आला. आमच्या मागच्या दारापासून शेड साठ पावलांवर आहे. "अहो, बॅटरीचे दोनच दिवे राहिलेत!"

"येईल आता!" मी ओरडलो.

तीन वाजले. वरून काहीच नाही. ओढा पाऊस पिऊन तुडुंब झाला होता, त्याचा एकसुरी आवाज. बाकी काही नाही. पक्षीसुद्धा नाहीत.

"अहो, एकच दिवा! बीप वाजायला लागलंय!"

तीन वाजून पाच मिनिटं.

मी कान पाइपला लावला. लोखंड थंडगार होतं. आत पाणी उभं होतं, थांबलेलं. मी देवाला हात जोडणारा माणूस नाही, पण त्या पाइपला मी अक्षरशः विनवत होतो. वाजव. इंची, वाजव रे बाबा.

"अहो!" बायकोचा आवाज फाटला होता. "आईंचे ओठ निळे पडायला लागलेत! काय करताय काय तुम्ही खाली?"

आणि तेव्हा…

एक. दोन. तीन. चार.

पाच.

मी ऐकले. बारीक, लांबून आल्यासारखे, पण पाच.

पोलिसांना मी सांगितलं, की मी उलट पाच टोले दिले आणि दहापर्यंत मोजलं. सगळ्यांना तेच सांगितलं. इथे पहिल्यांदा खरं लिहितोय. मी टोले परत दिले नाहीत. मी एकही आकडा मोजला नाही. एरवी मिनिटभर लावून हळूहळू फिरवायचं ते व्हॉल्व्हचं चाक मी झरझर फिरवून पूर्ण उघडलं.

पाणी आलं. वाट्या फिरल्या. बल्ब लागला.

"आलं! वीज आली!" बायको मागच्या दारात टाळ्या वाजवत होती. "आईंचं मशीन सुरू झालं हो!"

मी खाली मातीतच बसलो. जीव भांड्यात पडला. मीटर पाहिला तर व्होल्टेज नेहमीपेक्षा कमी होतं, बल्ब पिवळट जळत होता. थोडा पाला राहिला असेल, पुढच्या रविवारी काढू, असं मी स्वतःशी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतंय.

मग आठवलं. मी स्पॅनर घेतला आणि एक टोला दिला. जागेवर आहेस ना?

काही नाही.

पुन्हा एक दिला.

थोड्या वेळानं वरून एक आला.

ठण्ण.

मी घरी गेलो. आईचे ओठ पुन्हा गुलाबी झाले होते. बायकोनं चहा टाकला, इंचीसाठी कपभर जास्त. तो कप झाकून ठेवला. चार वाजले. सव्वाचार झाले. कपावर साय धरली.

मी वर गेलो.

इंची टाकीच्या काठावर पालथा होता. डोकं पाण्यात. उजवा हात खांद्यापर्यंत पाइपच्या तोंडात.

व्होल्टेज कमी का होतं, ते मला तेव्हा कळलं.

यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही.

स्पॅनर तीन पावलांवर, झाडाच्या खिळ्यावर टांगलेला होता. कोरडा ठणठणीत.

लोक म्हणाले, अपघात. पाय घसरला असेल, तोल गेला असेल. मला कोणी दोष दिला नाही. आईला आम्ही चार दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तिनं मशीनकडे बघितलं. मग म्हणाली, "वीज आली तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला रे. छातीभरून." त्यानंतर तिनं दोनदा स्वतःच्या हातानं नाकातली नळी काढली. दोन्ही वेळा बायकोनं ती परत लावली. हो, बायकोनं. मी नाही.

आता आम्ही नवी बॅटरी आणलीय. सफाईला मी जातो, एकटा, आणि परत खाली येऊन स्वतःच्या हातानं पाणी सोडतो. कोणाच्याही टोल्यावर आता आमच्या घरात काही होत नाही.

टोले मात्र येतात.

बायको त्यानंतर रोज दुपारी शेडमध्ये जाऊन बसायला लागली. हातात वही आणि पेन. मी खूप अडवलं. ती म्हणाली, "माझा भाऊ आहे का ते बघते."

ती कधीच उलट टोला द्यायची नाही. फक्त ऐकायची आणि लिहायची. तारीख, वेळ, किती टोले. असे तीन महिने.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं वही माझ्यासमोर ठेवली.

"तो नाहीये तिथे," ती म्हणाली. "त्याला धीरच नव्हता, तो असा सावकाश वाजवायचा नाही. हे दुसरंच कोणीतरी आहे."

मी वहीवर हात ठेवला, उघडली नाही.

"अहो, त्या दिवशी किती टोले वाजले होते?"

"पाच. तुला सांगितलंय मी."

"एक येतो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याबद्दल बोलावं तसा. "दोन येतात. तीन येतात. तुम्ही त्याला शिकवलेले चारसुद्धा येतात. पाच एकदाही आले नाहीत. तीन महिन्यांत एकदाही नाही."

मी वहीची पानं उलटली. मी तिला सांगितलं, की आपण ते स्वयंपाकघरात बोललो होतो. या नळाचं पाणी त्याच पाइपमधून येतं, इंचीनंच अर्धा इंची प्लॅस्टिकची नळी जोडून घेतली होती. वरच्यानं ऐकलं असेल. त्या नळातून ऐकलं असेल.

तिनं नळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मग आता का वाजवत नाही?"

मी नळ घट्ट पिळून बंद केला.

ती रडली नाही, भांडली नाही. मी भांडण पत्करलं असतं. ती उठून आईची नळी नीट करायला गेली. दारातून एवढंच म्हणाली, "उद्यापासून तुम्ही ऐका."

म्हणून आता मी जातो.

ज्या आवाजानं माझ्या अंगावर काटा यायचा, त्याची मी वाट बघत बसतो. एक आला की मनात म्हणतो, पुढे. दोन आले की, अजून. परवा चार आले तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो.

चारच.

मला पुन्हा पुन्हा ती वेळ आठवते. बायको ओरडत होती. आईचे ओठ निळे. मला पाच हवे होते. इतके हवे होते की… मी खरंच ऐकले का? मी मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस. कानाला मीटर लावता येत नाही.

एक मार्ग आहे. सोपा आहे. ते जे कोण आहे, त्याला आपण जेवढे देऊ तेवढे ते परत देतं. मी पाच दिले तर ते पाच देईल. मग मी बायकोला बोलावून आणेन. ती स्वतःच्या कानांनी ऐकेल, वहीत लिहील, आणि कदाचित माझ्याकडे पूर्वीसारखं बघेल.

फक्त ते पाच कुणी शिकवले, हे मला ठाऊक असेल.

काल दुपारी तीन वाजता मी स्पॅनर उचलला.

एक दिला. दोन. तीन. चार.

आणि हात तसाच वर राहिला. खाली येईना.

दिले तेवढे परत येतात. आजवर कधी चुकलं नाही. मी हात वर धरून थांबलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. खांदा भरून आला.

वरून काहीच आलं नाही.

वर कोणी नव्हतं असं नाही. होतं. मला कळत होतं.

तेही थांबलं होतं… माझ्या पाचव्यासाठी.